डोळे आलेले फिंच आणि खिडकीतले मोजणीदार

आजच्या व्याख्यानाचा नायक चिमणीएवढा एक पक्षी आहे, आणि त्याच्या इतिहासाची साधनं म्हणजे घरोघरच्या खिडकीत बसून लोकांनी भरलेले फॉर्म. इतिहास म्हटलं की आपल्याकडे बखरी, मोडी कागद, ताम्रपट असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. पण साधन कुठलंही असलं तरी विचारायचे प्रश्न तेच असतात. हे कोणी लिहिलं? कशासाठी लिहिलं? काय लिहायचं राहून गेलं? आणि लिहिणाऱ्याचा यात काही हितसंबंध होता का? हे प्रश्न आज आम्ही अमेरिकेतल्या हाउस फिंच या पक्ष्याच्या मोजणीला विचारणार आहोत. शेवटचा प्रश्न, हितसंबंधाचा, तिथे जरा अवघड जागी जाऊन पोचतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी पक्ष्याची ओळख. हाउस फिंच मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला आणि मेक्सिकोतला. मादी मातकट, रेघारेघांची. नराच्या डोक्यावर, छातीवर लाल रंग असतो, आणि तो लाल त्याला खाण्यातून मिळतो. ज्या नराला रंगद्रव्य असलेलं अन्न कमी मिळतं, तो पिवळट राहतो. पक्षी गाणारा, माणसाला न बिचकणारा. म्हणजे पिंजऱ्यात घालायला अगदी सोयीचा, आणि तेच त्याच्या नशिबी आलं. कॅलिफोर्नियात पकडलेले हे पक्षी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्ककडच्या दुकानांत 'हॉलिवूड फिंच' या नावाने विकले जात. नाव बघा कसं शोधलंय! नुसता 'हाउस फिंच' म्हटलं असतं तर कोणी फिरकलं नसतं.

हा धंदा बेकायदेशीर होता. रानपक्ष्यांना संरक्षण देणारा १९१८ सालचा कायदा होता, आणि त्याखाली हे पक्षी पकडणं-विकणं गुन्हा होता. १९४० मध्ये ब्रुकलिनमधल्या एका पक्षीनिरीक्षकाला दुकानात हे फिंच दिसले, त्याने कळवलं, चौकशी सुरू झाली. दंड होणार म्हटल्यावर काही विक्रेत्यांनी माल नाहीसा करायचा सर्वांत सोपा मार्ग धरला: पिंजऱ्यांची दारं उघडली. १९४१ मध्ये लाँग आयलंडच्या जोन्स बीचवर मोकळा हाउस फिंच दिसल्याची नोंद आहे. त्यानंतर जवळच्याच बॅबिलन गावाच्या आसपास त्यांनी बस्तान बसवलं. हा सगळा तपशील १९५३ साली 'द ऑक' या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात एलियट आणि आर्बिब या दोघांनी नीट मांडून ठेवलाय.

पुढची पन्नास वर्षं म्हणजे या पक्ष्याची घोडदौड. लाँग आयलंडवरच्या मूठभर पक्ष्यांची पिल्लावळ पूर्वेकडच्या सगळ्या राज्यांत पसरली, मिसिसिपी ओलांडून पश्चिमेकडे निघाली. उपनगरातली घरं, दारापुढची शोभेची झाडं आणि अंगणात टांगलेले दाण्यांचे फीडर, एवढं असलं की या पक्ष्याला आणखी काही लागत नाही. आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत याच गोष्टींचं पीक आलं होतं.

आता, हा पसारा आपल्याला माहीत कसा? इथे पहिली मोजणी येते. १९०० सालच्या नाताळच्या दिवशी फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञाने एक प्रथा सुरू केली. त्या काळी नाताळात टोळ्या करून शिकार करायची आणि कोणी जास्त मारले ते मोजायचं, असा खेळ होता. चॅपमन म्हणाले, मोजायचंच आहे ना, मग जिवंत मोजा. पहिल्या वर्षी २५ ठिकाणी मिळून २७ माणसं होती. ती प्रथा आजतागायत चालू आहे. सुमारे २४ किलोमीटर व्यासाचं एक वर्तुळ आखायचं, एका दिवसात त्यातले सगळे पक्षी मोजायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच वर्तुळ. पूर्वेकडच्या वर्तुळांत हाउस फिंच कुठल्या वर्षी पहिल्यांदा आला आणि मग दरसाल किती वाढला, ते या जुन्या वह्यांत ओळीने सापडतं. चॅपमनना हाउस फिंचशी काही देणंघेणं नव्हतं, तो तिकडे पोचायलाही चाळीस वर्षं होती. साधन म्हणून आम्हाला ते जास्त विश्वासाचं वाटतं ते त्याचमुळे. एखादी गोष्ट सिद्ध करायला निघालेल्याने लिहिलेला कागद आणि सहज लिहून ठेवलेला कागद यांत दुसऱ्याचं वजन जास्त, हे दफ्तरात बसलेल्या कोणालाही ठाऊक असतं.

दुसरी मोजणी खिडकीतली. १९७६ मध्ये कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात लाँग पॉइंट पक्षी वेधशाळेने घरच्या फीडरवर येणारे पक्षी मोजायचा उपक्रम काढला. एरिका डन या त्याच्या मूळ आखणीतल्या. १९८७ पासून अमेरिकेतली कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा त्यात आली आणि 'प्रोजेक्ट फीडरवॉच' या नावाने तो खंडभर पसरला. यात भाग घ्यायला स्वयंसेवक स्वतः वर्गणी भरतात. म्हणजे काम आपणच करायचं आणि वर पैसेही आपणच द्यायचे! आपल्याकडे हे ऐकून लोक हसतात, पण वर्गणीमुळेच हा उपक्रम कोणाच्या अनुदानाच्या लहरीवर फारसा अवलंबून राहिला नाही.

त्याचा एक नियम मुद्दाम सांगण्यासारखा आहे. लागोपाठ दोन दिवस बघायचं, आणि प्रत्येक जातीचे एका वेळी एकत्र दिसलेले जास्तीत जास्त पक्षी किती, तेवढाच आकडा लिहायचा. सकाळी चार दिसले, दुपारी सात, संध्याकाळी पाच, तर सोळा लिहायचे नाहीत, सात लिहायचे. कारण सकाळचे चार दुपारच्या सातांतही असू शकतात, पक्ष्याच्या कपाळावर काही नंबर लिहिलेला नसतो. सात ही खरी संख्या नव्हे, खरी कदाचित वीस असेल. पण सात 'निदान' आहेत एवढं नक्की, आणि सगळीकडे सगळे जण हाच नियम पाळत असले तर या वर्षीचे सात आणि पुढच्या वर्षीचे तीन यांची तुलना करता येते. मोजणीत चूक राहणारच. ती दरवर्षी एकाच मापाची राहील असं बघायचं, एवढंच करता येतं, आणि ते फीडरवॉचने केलं.

तर अशा या माणसांच्या खिडक्यांपुढे १९९४ च्या हिवाळ्यात, वॉशिंग्टन शहराच्या आसपास, मेरीलँड आणि व्हर्जिनिया राज्यांत, विचित्र पक्षी दिसू लागले. हाउस फिंचच, पण डोळे सुजलेले, लाल, चिकट पाणी येतंय, पापण्या चिकटून खपली धरलेली. पक्षी फीडरवर बसून राहतो, बाकीचे उडाले तरी उडत नाही, डोळा दांडीवर घासत राहतो. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांचे डोळे आले होते. फीडरवॉचच्या लोकांनी हे कळवायला सुरुवात केली.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात डेव्हिड ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी पक्ष्यांच्या डोळ्यांतले नमुने तपासले आणि जंतू ओळखला: मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम. आमच्या श्रोत्यांत कोणी पोल्ट्रीवाले असतील तर त्यांना या नावाने धक्का बसेल, कारण हा त्यांच्या ओळखीचा शत्रू. कोंबड्यांमध्ये जुनाट श्वसनरोग, ज्याला पोल्ट्रीत नुसतं 'सीआरडी' म्हणतात, तो याच जंतूमुळे होतो. माणसाला याची लागण होत नाही. पण रानातल्या गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये याची साथ तोवर कोणी पाहिली नव्हती. कोंबडीच्या जंतूने फिंचमध्ये उडी मारली होती. वेगवेगळ्या राज्यांतल्या फिंचमधले नमुने एकमेकांशी इतके जुळले, की टिकलेली उडी एकच असावी असं अभ्यासकांनी मानलं. ती नेमकी कुठल्या अंगणात झाली हे सांगणारा कागद अर्थातच नाही.

इथे आंद्रे डोन्ट हे गृहस्थ येतात. मूळचे बेल्जियमचे, कॉर्नेलला नुकतेच आलेले, पक्ष्यांच्या संख्येचा अभ्यास करणारे. त्यांच्या लक्षात आलं, की एका रानपक्ष्यात नव्या रोगाची साथ अगदी सुरुवातीपासून बघायला मिळणं ही दुर्मीळ संधी आहे, आणि ती बघायला लागणारी हजारो डोळ्यांची फौज आधीपासूनच खिडक्यांत बसलेली आहे. १९९४ च्या नोव्हेंबरात 'हाउस फिंच डिसीज सर्व्हे' सुरू झाला. अर्धं शतक आधी कोणी ही मोजणी करू म्हटलं असतं तर शक्य नव्हतं. आणि तेव्हा पिंजऱ्यांची दारं उघडली नसती तर गरजही पडली नसती.

या सर्व्हेच्या फॉर्ममध्ये खरी हुशारी आहे, त्यामुळे तिथे थोडं थांबू. सर्वसाधारण माणूस केव्हा कळवतो? काही वेगळं दिसलं की. आजारी पक्षी दिसला की फोन करतो, धडधाकट दिसला तर कशाला करेल? त्यामुळे नुसत्या 'कळवा' अशा आवाहनावर विसंबलं असतं तर नकाशावर सगळीकडे आजारच आजार दिसला असता. डोन्ट यांच्या फॉर्मने दिवसवार विचारलं: आज बघितलं का? हाउस फिंच आले का? त्यांतले कोणी डोळे आलेले होते का? म्हणजे 'बघितलं, फिंच होते, सगळे चांगले होते' ही नोंदही तितकीच मोलाची. 'बघितलं, फिंच आलेच नाहीत' हीसुद्धा. न बघितलेला दिवस कोरा राहतो. कोरा आणि शून्य यांतला हा फरक इतिहासाच्या साधनांत फार क्वचित जपलेला असतो. एखाद्या गावच्या जुन्या कागदांत दुष्काळाचा उल्लेख नसेल, तर दुष्काळ पडला नव्हता की लिहिणारा कारकून रजेवर होता, हे आपल्याला कळत नाही. या फॉर्ममध्ये कळतं. आपल्याकडचे पक्षीनिरीक्षक आता ईबर्डवर यादी टाकतात तेव्हा शेवटी एक प्रश्न येतो, की ओळखलेल्या सगळ्या पक्ष्यांची ही पूर्ण यादी आहे का. पुष्कळ जण विचार न करता 'हो' दाबतात. तो प्रश्न याच जातीचा आहे: यादीत नसलेला पक्षी तिथे दिसला नव्हता, असं धरायचं का? आणि ईबर्डही कॉर्नेलमधूनच आलेलं आहे.

आता साधनाची पारख. या मोजणीवर आक्षेप पुष्कळ घेता येतात आणि ते घेतले गेले. हाउस फिंच आणि त्याचा भाऊबंद पर्पल फिंच यांत नवख्याची गफलत होते. डोळ्याभोवती देवीसारखे फोड येणारा दुसरा एक पक्षिरोग आहे, त्याच्याशी हा घोटाळा होऊ शकतो. आजारी पक्षी सुस्त होऊन फीडरवरच बसून राहतो, म्हणून तो निरोगी पक्ष्यापेक्षा जास्त वेळा दिसणार. म्हणून संशोधकांनी जाळी लावून पक्षी पकडले, डोळे तपासले, पायात कडी घातली, आणि खिडकीतल्या नोंदी त्यांच्याशी ताडून पाहिल्या. रोग वर्षात केव्हा वाढतो, केव्हा ओसरतो, याचं चित्र दोन्हींकडे जुळलं. आणखी एक काळजी अशी घेतली, की आजारी पक्ष्यांच्या आकड्यावर भर न देता त्या महिन्यात त्या घरी एक तरी आजारी फिंच दिसला का, एवढंच प्रामुख्याने पाहिलं. एकच पक्षी दहादा मोजला गेला तरी उत्तर 'हो' हेच येतं. मोठमोठ्या यंत्रांपेक्षा ही असली साधी अक्कल आम्हाला जास्त आवडते.

मग या कागदांतून काय दिसलं? साथ वॉशिंग्टनपासून निघाली आणि उत्तरेला न्यू इंग्लंड, कॅनडाचा पूर्व भाग, दक्षिणेला आणि मग पश्चिमेला अशी तीन-चार वर्षांत पूर्वेकडच्या जवळजवळ सगळ्या हाउस फिंचपर्यंत पोचली. दुसरं, तिला ऋतू होता. विणीच्या दिवसांत, जोड्या पांगलेल्या असताना, आजार कमी. पावसाळ्यानंतर आपल्याकडे जशी पाखरांची झुंड शेतावर उतरते तशी तिकडे शरद ऋतूत नवी पिल्लं आणि थोरली मिळून थवे करतात, तेव्हा आजार चढतो. आणि हिवाळा संपता संपता, थंडीने सगळे फीडरवर गर्दी करतात तेव्हा, पुन्हा चढतो. ही दोन शिखरं पुढे २००४ मध्ये सोनिया अल्टिझर, होचाचका आणि डोन्ट यांनी नीट मांडली.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्यासाठी खिडकीची मोजणी पुरेशी नव्हती. त्यासाठी चॅपमनच्या नाताळच्या वह्या काढाव्या लागल्या. वेस्ली होचाचका आणि डोन्ट यांनी २००० साली हा निबंध प्रसिद्ध केला. साथ येण्याआधी काही भागांत हाउस फिंच दाट होते, काही भागांत विरळ. साथ आल्यावर दाट भागातले फिंच धडाधड कमी झाले, विरळ भागातले फारसे नाहीत, आणि अखेर सगळीकडे संख्या साधारण एकाच पातळीला येऊन थांबली. म्हणजे रोगाने गर्दी छाटली. रोग संख्येला असा लगाम घालू शकतो हे गणिती पुस्तकांत फार दिवस लिहिलेलं होतं. उघड्या रानात, एका खंडाच्या विस्तारावर, आधीची आणि नंतरची अशी दोन्ही मोजमापं हाताशी असताना ते दाखवून देणं ही वेगळी गोष्ट. आधीची मोजमापं असण्याचं कारण एवढंच, की हजारो माणसं कित्येक वर्षं थंडीत उभी राहून काहीएक विशेष घडत नसताना मोजत आली होती.

एक उपकथा सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिच्यात आपली चिमणी आहे. हो, तीच आपल्या वळचणीची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिलाही युरोपातून आणून ब्रुकलिनमध्येच सोडलं होतं. हाउस फिंच पूर्वेत पसरत गेला तशी चिमणी तिथे कमी होत गेली, हे मोजणीत दिसत होतं, पण दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं म्हणता येत नाही. मग साथ आली, फिंच घटले, आणि ज्या भागांत ते घटले तिथे चिमण्या पुन्हा वाढल्या. एकाच मोजणीने आधी भरती आणि मग ओहोटी अशी दोन्ही दाखवली, तेव्हा कॅरेन कूपर आणि होचाचका-डोन्ट यांना २००७ मध्ये ठामपणे म्हणता आलं की या दोघांत खरोखर चढाओढ आहे. माणसाने आणून सोडलेले दोन पाहुणे आणि एका फीडरवर भांडण!

आता त्या अवघड प्रश्नाकडे येऊ. हा जंतू फिंचला थेट मारतो असं नाही. पिंजऱ्यात ठेवलेल्या आजारी फिंचना दाणापाणी समोर मिळालं तर पुष्कळसे जगतात, काही पूर्ण बरेही होतात. रानात मात्र आंधळा पक्षी उपाशी मरतो किंवा मांजराच्या, ससाण्याच्या तोंडी जातो. म्हणजे फीडरवर बसलेल्या त्या बिचाऱ्या पाखराकडे बघणाऱ्या माणसाला वाटणार, की दाणे चालू ठेवावेत, निदान उपाशी तरी मरायचा नाही. आणि ते अगदीच चूक नव्हतं.

पण त्याच वेळी त्याच माणसांनी भरलेल्या फॉर्मांतून काहीतरी वेगळं बाहेर येत होतं. स्वयंसेवकांना त्यांच्या अंगणाबद्दलही विचारलं होतं: फीडर कुठल्या प्रकारचा, किती, कुठे टांगलेला. १९९८ मध्ये बॅरी हार्टप आणि सहकाऱ्यांनी या उत्तरांची रोगाशी सांगड घातली. नळीसारखे फीडर, ज्यांना भोकं असतात आणि भोकात चोच, नव्हे जवळजवळ डोकंच, घालून दाणा काढावा लागतो, ते जिथे होते तिथे आजारी फिंच दिसण्याची शक्यता जास्त निघाली. विचार केला तर उघड आहे. आजारी पक्षी भोकाच्या कडेला डोळा घासतो, मग पुढचा येऊन त्याच कडेला डोळा लावतो. हा जंतू नाजूक, त्याला पेशीभित्तिका नसते, बाहेर फार काळ टिकत नाही. पण फीडरवर पुढचा गिऱ्हाईक यायला मिनिटसुद्धा लागत नाही. फीडरवरून लागण होते हे डोन्ट यांच्या गटाने पुढे पिंजऱ्यातल्या प्रयोगातही दाखवलं. आणि २०१५ मध्ये जेम्स ॲडेलमन, डेना हॉली वगैरेंनी दाखवलं, की जो फिंच फीडरवर जास्त वेळ काढतो त्याला लागण होण्याचा आणि त्याच्याकडून पसरण्याचा, दोन्ही धोके जास्त.

म्हणजे साक्षीदार आणि आरोपी एकच. ज्या माणसाने प्रेमाने दाणे टांगले, वर्गणी भरली, रोज सकाळी चहा घेत मोजलं, त्याच्याच फॉर्मवरून सिद्ध झालं की त्याचा फीडर साथीच्या वाटेतला एक नाका आहे. इतिहासात असा कागद विरळा. आपल्याविरुद्ध जाणारा पुरावा माणसं सहसा जाळतात, निदान कोपऱ्यात टाकतात. इथे लोकांनी तो पोस्टाने, वेळेवर, वर्षानुवर्षं पाठवला. काहींना पाठवताना कल्पना नव्हती हे खरं, पण १९९८ नंतरही ते पाठवत राहिले, आणि आम्हाला याचं अप्रूप वाटतं.

यावर प्रयोगशाळेने काय सांगितलं? फीडर बंद करा असं सरसकट सांगितलं नाही. दर दोन आठवड्यांनी धुवा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण करून, मग पूर्ण वाळवून पुन्हा टांगा. आजारी पक्षी दिसला तर काही दिवस फीडर काढून ठेवा म्हणजे गर्दी पांगेल. स्वतःहून औषध पाण्यात मिसळू नका. हा सल्ला शहाणपणाचा आहे असं आमचं मत, पण त्यात एक अडचण आहे जी सल्ला देणाऱ्यांनाही दिसत असणार. फीडर काढला की मोजणीही थांबते. आणि ज्या संस्थेचं काम लोकांच्या फीडरवर उभं आहे, तिने फीडरच्या धोक्याबद्दल बोलायचं म्हणजे तिच्या हितसंबंधाचा प्रश्न आलाच. कॉर्नेलच्या बाजूने एवढं म्हणता येतं, की फीडरविरुद्धचा पुरावा तिच्याच लोकांनी छापला.

असाच प्रसंग इंग्लंडमध्ये ग्रीनफिंचवर आला, आणि तिथला शेवट जास्त कडू आहे. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या बागांत हिरवट फिंच मरून पडलेले दिसू लागले. डोळ्यांचा रोग नव्हे हा. घसा आतून भरून येतो, गिळता येत नाही, पक्षी पिसं फुगवून दाण्याच्या ढिगाशेजारी उपाशी बसतो. कारण ट्रायकोमोनास गॅलिनी नावाचा परजीवी, जो कबुतरांमध्ये पूर्वापार माहीत होता. इथेही साक्षीदार खिडकीतलेच. 'गार्डन बर्डवॉच' ही आठवड्याच्या नोंदींची मोजणी १९९५ पासून चालू होती. लोकांनी मेलेले पक्षी कळवले, पशुवैद्यांनी शवविच्छेदन केलं, आणि दोन्ही नोंदी जोडल्या गेल्या. २०१० मध्ये आलेल्या अभ्यासानुसार ज्या भागांत साथ सर्वांत जोरात होती तिथे एका वर्षात ग्रीनफिंच ३५ टक्क्यांनी आणि चॅफिंच २१ टक्क्यांनी घटले. देशभरात ग्रीनफिंचची संख्या काही वर्षांत सुमारे ४३ लाखांवरून २८ लाखांवर आली. २००८ मध्ये रोग स्कँडिनेव्हियात पोचला, बहुधा स्थलांतर करणाऱ्या चॅफिंचबरोबर. २०२१ मध्ये ब्रिटनने ग्रीनफिंचला लाल यादीत टाकलं. वीस वर्षांपूर्वी हा पक्षी तिथल्या बागांत इतका नेहमीचा होता, की लोक त्याच्याकडे मान वर करून बघत नसत. २०२५ च्या सुरुवातीला पक्षिसंरक्षणाच्या क्षेत्रातल्या तिथल्या सर्वांत मोठ्या संस्थेने, आरएसपीबीने, सपाट तळाच्या फीडरची विक्री थांबवली. सपाट तळावर आजारी पक्ष्याची लाळ लागलेला दाणा पडून राहतो आणि दुसरा तो उचलतो, ही त्यामागची भीती. अमेरिकेत नळीचा फीडर संशयित, ब्रिटनमध्ये सपाट. रोग बदलला की आरोपी बदलतो, पण अंगण तेच राहतं.

हाउस फिंचकडे परत येऊ. तो संपला नाही. जगलेल्या पक्ष्यांची पुढची पिढी या जंतूला थोडी सरावली. अलाबामातले, साथीतून गेलेले फिंच आणि ॲरिझोनातले, साथ न पाहिलेले फिंच यांना प्रयोगशाळेत एकच जंतू दिला तेव्हा अलाबामाचे सरस ठरले. बरं झालं म्हणावं, तर जंतूही गप्प बसला नव्हता. १९९४ पासूनचे नमुने गोठवून ठेवले होते. डेना हॉली आणि सहकाऱ्यांनी ते एकेक करून तपासले तेव्हा दिसलं, की पूर्वेकडे वर्षागणिक जंतू जास्त जहाल होत गेलाय. पश्चिमेच्या मूळ मुलखात, पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत, तो नव्या शतकाच्या पहिल्या दशकात पोचला तेव्हा तिथे आधी सौम्य आणि मग पुन्हा जहाल, असं तेच चक्र फिरलं. अर्धवट प्रतिकारशक्ती आलेल्या पक्ष्यात सौम्य जंतूचा निभाव लागत नाही, जहाल तेवढा टिकतो, असा त्याचा अर्थ २०१८ मध्ये लावला गेला.

आणि मोजणी? वेगळा 'डिसीज सर्व्हे' पुढे फीडरवॉचमध्येच सामावला गेला. आजही नोव्हेंबर ते एप्रिल या काळात तिथला मोजणीदार आपल्या यादीत हाउस फिंचचा आकडा भरतो, तेव्हा त्या ओळीशी एक जादा प्रश्न येतो: यांचे डोळे पाहिलेत का, आणि पाहिले असतील तर आजारी होते का. पाहिले नसतील तर तसं सांगायचीही सोय आहे.